निरोगी रक्त

“ही शेवटची सुई हं, पारास्किवाबाई,” डॉक्टर कोर्नेलिया म्हणाल्या. “रक्ताचा अभ्यास संपला. आता तीन महिन्यांनी यायला नको.”

पारास्किवाने बाही खाली ओढली. शेजारच्या खुर्चीत स्मारांदा कोपरात कापूस दाबून बसली होती. रोमानियातल्या कॉन्स्टान्त्साच्या बंदरात क्रेन चालवणारी, चौतिशीची बाई. आवाज मोठा, हसणं त्याहून मोठं. गेली चार वर्षं दर तीन महिन्यांनी, एका गुरुवारी, दोघी अशाच शेजारी बसत. स्मारांदाच्या रक्तात एचआयव्ही होता, पारास्किवाचं निरोगी. डॉक्टर दोन्ही ताडून पाहत. मग दोघी पारास्किवाने घरून आणलेली प्लाचिंता, म्हणजे चीज भरलेली भाजलेली पोळी, खात आणि आपापल्या वाटेने जात.

“घ्या! आता मला प्लाचिंता कोण खाऊ घालणार, मावशी?” स्मारांदा म्हणाली.

पारास्किवाला हसू आलं नाही.

स्मारांदा तिची मुलगी होती. चौदा महिन्यांची असताना न्यूमोनिया झाला म्हणून इस्पितळात ठेवली, आणि तिथल्याच कुठल्याशा सुईने हा आजार तिच्या अंगात घातला. नव्वद साल होतं. “वर्षही काढायची नाही,” तिथले लोक म्हणाले. “घरी न्याल तर गाव दारात उभं करणार नाही. इथेच राहू दे. दुसरं होईल.” तिने आणि नवऱ्याने मुलीला सोडल्याच्या कागदावर सही केली. दुसरं झालं नाही. नवराही गेला. पारास्किवा दर रविवारी चर्चमध्ये, जिथे जिवंतांसाठी एका बाजूला आणि मेलेल्यांसाठी दुसऱ्या बाजूला मेणबत्त्या लावतात, तिथे मेलेल्यांच्या बाजूला मुलीच्या नावाची मेणबत्ती लावत राहिली. तीस वर्षं.

मग एकदा पेपरात, इस्पितळांत असाच आजार लागलेल्या मुलांपैकी जगलेल्यांचा फोटो आला. खाली त्यांची नावं होती, आणि ते उपचाराला येतात त्या या दवाखान्याचंही. त्या रविवारी तिने मेणबत्ती जिवंतांच्या बाजूला लावली आणि सोमवारी इथे आली. कशाला आले, हे सांगायला जीभ उचलेना. दारावर कागद चिकटवला होता : निरोगी रक्त हवे आहे. तिने मुकाट्याने बाही वर केली.

आज सांगू, आज सांगू म्हणत सोळा गुरुवार गेले होते.

“शेवटचा दिवस आहे, तुमच्या रक्ताने काय दाखवलं ते तरी बघा,” म्हणत डॉक्टरांनी संगणकाचा पडदा त्यांच्याकडे वळवला. “ही चमकतेय ना, या पेशीत विषाणू आहे. आणि या भोवतालच्या, त्यांच्यात काही नाही. तरी बघा.”

भोवतालच्या पेशी आकसत होत्या. त्यांच्यावर बुडबुडे येत होते. एकेक फुटून तुकडे होत होते.

“कोण मारतंय त्यांना?” स्मारांदाने विचारलं.

“कुणीच नाही. मरायचा हुकूम प्रत्येकीच्या आत असतोच. शेजारून इशारा आला की ती तो पाळते. आजारानं मरतात त्याहून जास्त अशा मरतात.”

“म्हणजे धडधाकट असून, दुसऱ्याचं ऐकून मेल्या. मूर्खच!” स्मारांदा हसली.

पारास्किवा पडद्याजवळ वाकली. “एकदा हुकूम सुटला की परत नाही का फिरता येत?”

“काहींना येतं. अगदी सुरुवातीलाच थांबवलं तर.”

“आणि उशीर झाला तर?”

“मग नाही, बाई.”

पारास्किवा उठली. रिकामा डबा पिशवीत टाकला. बस आहे म्हणाली.

“बस कसली! चला, मी सोडते तुम्हाला,” स्मारांदा म्हणाली आणि तिच्या हातातून पिशवी काढून घेतली.

गाडीत पारास्किवाने डोळे मिटून घेतले. पहिलं वाक्य जुळवायचं होतं. ‘मी तुझी…’ ते पुढे जाईना. ‘त्या वेळी आम्हाला…’ हे तर त्याहून वाईट. खिडकीतून येणारा समुद्राचा खारा वास गेला, मग कापलेल्या गव्हाचा आला. स्मारांदा क्रेनवरच्या कुणा मुकादमाचे किस्से सांगत होती. रस्ता खडबडीत झाला. गाडी थांबली.

पारास्किवाने डोळे उघडले. समोर तिचंच फाटक होतं, तिचीच जर्दाळूची झाडं. गाव कोणतं, हे तिने चार वर्षांत एकदाही सांगितलं नव्हतं.

“तुला… कसं गं ठाऊक?”

स्मारांदाने गाडी बंद केली. हात स्टिअरिंगवरून काढले नाहीत.

“अठराव्या वर्षी इस्पितळातली माझी फाइल हातात आली, त्यात तुझं नाव आणि हे गाव होतं. तेव्हापासून नऊ वेळा इथवर आले आणि गाडीत बसूनच परत गेले. आज तू आधी उतर, म्हणजे मला उतरता येईल.”