चौथा श्वास

"परत."

भीमराव बाकड्यावर उताणा पडला होता. चांगुणा स्वयंपाकघराच्या चौकटीला टेकून उभी होती.

"परत काय परत? अकरा वेळा उठलो."

"अकरा वेळा तोंड वाकडं केलंत. डॉक्टर आधी तोंडाकडे बघतो, मग पाठीकडे. चला."

कूस.

कोपर.

पाय खाली.

मग अंग.

तो कुशीवर वळला, कोपर रोवलं, पाय खाली सोडले. कमरेतून कळ निघाली ती थेट मानेत जाऊन अडकली.

"आई गं!"

"गेलं," चांगुणा म्हणाली. "अनफिट."

दीड वर्ष झालं, सकाळी त्याची पाठ फळीसारखी धरलेली असायची. लेथवर आठ तास उभं राहणं जमेना. उल्हासनगरच्या सिंधी डॉक्टरची इंजेक्शनं झाली, रजा संपल्या, सत्त्याऐंशी साल अर्धं सरलं. आता सोमवारी फॅक्टरीच्या दवाखान्यात मेडिकल बोर्ड होतं. फिट लिहिलं तर नोकरी राहणार. अनफिट लिहिलं तर घरी बसायचं. आणि घर म्हणजे अंबरनाथचा हा फॅक्टरीचाच क्वार्टर, तोही खाली करायचा.

"तिसऱ्या श्वासाला कळ येते, चौथ्याला सुटते. चौथा होईस्तोवर जीभ टाळूला लावून ठेवा. म्हणजे तोंड उघडत नाही."

"तुला गं काय ठाऊक, चौथ्याला सुटते ते?"

"बुद्धवंदनेत श्वासच मोजते मी."

वंदना! तिचं नाव काढलं की त्याचं डोकं फिरायचं. रोज सकाळी, फॅक्टरीच्या पहिल्या भोंग्याच्या चांगली तासभर आधी, ती मधल्या दाराला कडी घालून आत बसायची. मेणबत्तीचा वास यायचा. कधी त्रिसरण ऐकू यायचं, कधी नुसता श्वास. बाहेर हा खाटेवर पाठ धरून पडलेला. हाका मारल्या तरी कडी निघायची नाही. भोंगा झाला की बाई चहा घेऊन हजर, ताजीतवानी.

"मी इथं मरून पडलो तरी तुझी वंदना चालूच राहील."

"तुम्हीपण बसत जा. बरं वाटतं."

"बसता आलं असतं तर रडलो असतो कशाला?"

मागच्या दारानं मोतीबाई आली. शेजारच्या क्वार्टरमधली. चांगुणाच्या पाण्याच्या दोन बादल्या तीच रोज नळावरून आणून द्यायची. आज कमरेला एक पुडीही खोचलेली होती.

"चांगुणा, शिवमंदिरातला अंगारा आहे गं. तुमचा धर्म वेगळा, ठाऊक आहे मला. पण पाठ काय, सगळ्यांची एकच. लावा म्हणावं भीमरावदादांना."

"ठेव तिथं. मुंग्या तरी पळतील," चांगुणा हसली.

"दोन बादल्या उचलवत नाहीत हिला," भीमराव बाकड्यावरून म्हणाला. "शेजारीण पाणी भरते हिचं. आणि निघाली मला उठायला शिकवायला. मास्तरीण!"

मोतीबाईनं बादली आपटली. पाणी सांडलं. ती काहीतरी बोलणार होती.

"आळशीच आहे मी," चांगुणा घाईघाईनं म्हणाली. "त्यांना सांगून झालंय. जा तू, दूध उतू जाईल तुझं."

शनिवार. कूस, कोपर, आई गं.

रविवार. कूस, कोपर, पाय खाली, आई—

"परत."

त्यानं उशी भिंतीवर फेकली. तेवढ्यानंही पाठीत चमक निघाली, म्हणून आणखी चिडला. "तुला क्वार्टर हवाय. माझ्या दुखण्याचं तुला काय!"

"क्वार्टर हवाच आहे. परत."

"दगड आहेस. दुखणं म्हणजे काय ते एक दिवस तरी तुला कळायला पाहिजे. एकच दिवस!"

तिनं चौकट धरून पाय बदलला. मग म्हणाली, "कूस."

सोमवार.

टेबलावर हिरवं रेक्झिन. दोन डॉक्टर. धाकटा म्हणाला, "झोपा. आता उठा."

कूस. कोपर. पाय खाली. जीभ टाळूला. एक. दोन. तीन. कळ आली, मानेपर्यंत आली, तोंडाशी आली—

चार.

सुटली.

भीमराव उभा होता. तोंड सरळ.

"ही पेन्सिल पडली बघा. उचला."

उचलली.

थोरला डॉक्टर इतका वेळ खिडकीशी होता. तो जवळ आला. "परत उठून दाखवा," म्हणाला.

भीमराव पुन्हा झोपला, पुन्हा उठला. डॉक्टर या वेळी तोंडाकडे बघतच नव्हता. कोपराकडे बघत होता.

"किती दिवसांचं दुखणं?"

"दीड वर्ष, साहेब. पण आता काही नाही. एकदम ओके."

डॉक्टर खुर्चीत बसला. कागद पुढे ओढला. 'फिट. बसून काम द्यावं.' सही केली, शिक्का मारला. भीमरावला वाटलं, आत्ता धावत जावं आणि मास्तरणीला कागद दाखवावा.

"हे असं उठायला शिकवलं कोणी तुम्हाला?"

"बायकोनं, साहेब."

"नर्स आहेत का?"

"छे हो!" भीमराव मोकळेपणानं हसला. किती तरी दिवसांनी हसला. "घरीच असते. पाण्याची बादलीसुद्धा उचलत नाही."

डॉक्टर हसला नाही. पेनाचं टोपण लावत म्हणाला, "दीड वर्षात कुणाला असं उठता येत नाही. त्याला दहा-बारा वर्षं दुखावं लागतं. त्यांना कधीपासून आहे?"