मुळात नसलेलं पान

“मुळात नाही ते खोडायचं. माझ्या हातचं असलं तरी. कबूल?”

हॉस्पिटलच्या खाटेवरून नानांनी असं विचारलं, तेव्हा भाषांतरात त्यांना मदत करणारी मालविका ‘हो’ म्हणाली होती. त्याला महिना झाला. आता नाना नव्हते. अल मन्सूरा या आखाती वस्तीतल्या त्यांच्या फ्लॅटमध्ये ती त्यांचं भाषांतर इंग्रजी प्रतीशी ताडून बघत होती. उद्या ते पुण्याला छापायला जायचं होतं.

इम्रे वादास, हंगेरीचा लेखक. आधी कथा लिहिल्या, मग नाटकं, शेवटी मूकपट. फिती सगळ्या जळाल्या, कागद तेवढे उरले. कथा जुळल्या, नाटकं जुळली. शेवटच्या पटकथेपाशी मालविकाचं बोट थांबलं.

इंग्रजीत एवढंच होतं : ‘बाहेर बर्फ. मेलेली बायको खिडकीशी येते. ओठ हलतात.’

मराठीत त्यापुढे पानभर बोलणं होतं. ‘पीठ फुगलं असेल, आंबोळ्या घालून घ्या. दाराला कडी लावू नका. मी येतेच मागाहून.’

“बुडापेस्टात आंबोळ्या?” मालविकाला हसू आलं, आणि तिथंच विरलं.

नानांची मुलगी राणी तिच्या खांद्यावरून वाचत होती. ती हळूच खुर्चीवर बसली.

“ताई, नाना कधी कडी लावायचे नाहीत. किती भांडले मी त्यांच्याशी! म्हटलं, म्हातारपणी विसरतात.” तिने पानावर हात ठेवला. “ही आई आहे गं. ती गेली तेव्हा मी चार वर्षांची होते. मला तिचा आवाजसुद्धा आठवत नाही.”

मालविकाने पेन हातात घेतलं.

“राहू दे ना. कोण हंगेरीहून येतंय तपासायला? छापलं तर निदान कुणीतरी ऐकेल तिला.”

“मी शब्द दिलाय, राणी.”

“मग त्यांनी स्वतःच का नाही खोडलं?”

मालविकाने पान दिव्याखाली धरलं. पहिल्याच ओळीवर पेन्सिलीची रेघ होती, पुसलेली. तिच्यावर आणखी एक. तीही पुसलेली. कागद तिथं पातळ झाला होता.

राणीने तिथून बोट फिरवलं. मग मालविकाने पान राणीच्या पुढ्यात सरकवलं, खुर्ची तिच्याजवळ ओढली आणि पेनाचं टोपण काढलं.

“मोठ्याने वाच,” ती म्हणाली. “सावकाश. तू वाचशील तेवढंच मी खोडीन.”