घासभर

पाळण्याची कडी कुरकुरली, तेव्हा अल्मासच्या लक्षात आलं, सासरे मघापासून गप्पच आहेत. पाळण्याची दोरी तिने पायाच्या अंगठ्याला बांधली होती. हात लॅपटॉपवर.

"अब्बा, 'समोर बाभळीखाली त्यांची तोफ होती.' पुढं?"

चांदभाईंनी चष्मा काढून हातात धरला. एकाहत्तरच्या लढाईत ते रणगाड्यावर गनर होते. नगरच्या माजी सैनिकांनी त्यांच्या आठवणींचं पुस्तक छापायला घेतलं होतं. फाईल आज प्रेसमध्ये द्यायची होती आणि हे एवढंच पान राहिलं होतं.

"दुर्बिणीत सगळं जवळ दिसतं, बेटा. तोफेपाशी एकच पोरगा होता. रोटीचं फडकं सोडून बसलेला. घास हातात घेतला अन् त्याचे ओठ हलले. मला ऐकू कुठून येणार? पण कळलं. आपण जेवताना रोज तेच म्हणतो."

अल्मासची बोटं थांबली.

"लिही. बिस्मिल्ला म्हणाला तो. माझ्या कानात साहेबांचा हुकूम, फायर. मी थांबलो. तेवढा घास त्याला गिळू दिला. मग दाबलं." त्यांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. "तेवढ्यात त्यानं तोफेला हात घातला असता, तर आम्ही चौघं आत जळालो असतो. कधी ते आठवतं, कधी तो घास."

अल्मासचा नवरा रमीज दारात उभा होता. नागापूर एमआयडीसीत कंपनीत जाताजाता पेन ड्राइव्ह तोच प्रेसमध्ये देणार होता.

"अब्बा, हे नको. लोक भलताच अर्थ काढतील. म्हणतील, आपला माणूस बघून हात थांबला."

"थांबला तसा मारलंही की त्याच हातानं! ते नाही दिसणार?"

"लोक अर्धंच वाचतात."

"तू तुझे नटबोल्ट बघ." चांदभाई काठी घेऊन उठले. जाताना सुनेला म्हणाले, "ठेवायचं तर ठेव, काढायचं तर काढ. माझं बोलून झालं."

ते अंगणात गेल्यावर रमीजने आवाज खाली आणला. "चार ओळी तर आहेत. काढून टाक ना. उद्या अफ्रीनला शाळेत कुणी काही बोललं म्हणजे?"

पाच वर्षांची अफ्रीन सोफ्यावर बसून मोजे चढवत होती.

अल्मासने त्या ओळी निवडल्या. त्या निळ्या झाल्या. आता एक बोट दाबायचं, बस्स. बोट तिने तसंच धरून ठेवलं. मग बाजूला क्लिक केलं. निळं गेलं, ओळी राहिल्या. फाईल पेन ड्राइव्हवर घेऊन तो तिने नवऱ्याच्या हातावर ठेवला.

"काढलंस?"

"नाही. इतके दिवस ते मला लढाई सांगत होते. आज पहिल्यांदा स्वतःचं बोलले."

रमीजने पेन ड्राइव्ह खिशात टाकला आणि तो बाहेर गेला. बाईक मात्र बराच वेळ सुरू झाली नाही.

अफ्रीन एक मोजा हातात घेऊन अल्मासजवळ आली.

"अम्मी, दादाजान अख्खी रोटी संपेपर्यंत का नाही थांबले?"