मशीनची पारख

दुकानामागच्या अंगणात सुरूचा ओंडका टाकलेला होता. आमच्या ह्यांनी आधी महागडं चेनसॉ चालवून पाहिलं, मग स्वस्तातलं. आयुष्यभर झाडं तोडलेला माणूस, मशीनची पारख ह्यांनीच करायची.

"ताकद दोन्हींची सारखीच," दुकानदार सांगत होता. "पण पहिल्याच्या मुठीला स्प्रिंगा आहेत. थरथर हातापर्यंत पोचत नाही."

"ह्याची तरी कुठे पोचतेय?" हे म्हणाले. स्वस्तातलं मशीन त्यांच्या हातात धडधडत होतं. "उगाच स्प्रिंगांचे पैसे कशाला घालवायचे? हेच बांधून द्या."

दुकानदार माझ्याकडे बघायला लागला. मला काय वाटलं कोण जाणे, मी पदर खोचला आणि ते चालू मशीन मागितलं. हे हसले, पण साखळीचा ब्रेक लावून दिलं माझ्या हातात. मूठ धरली मात्र, कोपरापर्यंत मुंग्या आल्या. दात एकमेकांवर वाजायला लागले. घाईघाईने मी ते बंद केलं.

ह्यांच्या शर्टाची बटणं हल्ली मीच लावते. थंडीने बोटं आखडतात, असं हे सांगायचे आणि मी ते खरं धरून चालले होते.

"स्प्रिंगांचंच द्या," मी दुकानदाराला म्हटलं.

"अगं, पण का?" ह्यांनी विचारलं. त्यांची नजर अजून त्या स्वस्तातल्या मशीनवरच होती. मी त्यांची बोटं माझ्या मुठीत धरली होती, चांगली घट्ट. त्यांना ते कळलंच नव्हतं.