खोडरबर

अठ्ठ्याण्णव सालचा श्रावण. पेणला आबांच्या, म्हणजे वडिलांच्या, गणपती कारखान्यात बसून प्रणिता तळहाताएवढ्या यंत्रावरचा चित्रं काढायचा प्रोग्रॅम पुरा करत होती. उद्या कंपनीत दाखवायचा होता आणि खोडरबर तेवढा चालत नव्हता.

तिनं पडद्यावर गणपती काढला. डोळे मात्र आबांनीच आखायचे, ही घरची रीत. त्यांनी हात जोडून यंत्राच्या काडीनं डोळे आखले.

"कुंचल्यापेक्षा बरी हाय गो ही!" हसत ते मूर्तींकडे गेले.

प्रणितानं डोळ्यांवर खोडरबर फिरवला. पुसले गेले! ती टाळी वाजवणार, तोच आतून हाक आली.

"चेष्टा पुरे गो! सकाळी आखलेले डोळे कुठं गेले? एकाही मूर्तीला नायत!"

प्रणितानं पडद्याकडे पाहिलं. पुसलेलं परत आणायचं बटण तिनं अजून बनवलंच नव्हतं.