पॉज

धाकट्याने प्लेअरच्या लाल, पांढऱ्या, पिवळ्या वायरी टीव्हीच्या पाठीमागे खोचल्या आणि बहिणीच्या लग्नाची डिस्क लावली. थोरला नदीत बुडाल्यापासून ती कुणी पाहिलीच नव्हती. "हात दे रे!" म्हणून थोरला गटांगळ्या खात ओरडत होता, तेव्हा हा काठावर हाताची घडी घालून बघत उभा होता, हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

पडद्यावर सगळं घर फोटोसाठी दाटीवाटीने उभं होतं. चित्र नीट येतंय का ते बघायला त्याने रिमोटवरचं पॉज दाबलं.

सगळे थांबले. आत्याचं हसू अर्ध्यावर राहिलं. मागच्या रांगेतला थोरला मात्र माणसं बाजूला सारत पुढे येत राहिला.

"अहो, लागला का एकदाचा?" स्वयंपाकघरातून बायकोने विचारलं. "केव्हाची खुडबुड चाललीय!"

धाकटा बटण दाबतच सुटला. थोरला काचेपाशी पोचला. केसांतून पाणी निथळत होतं आणि हातात अगदी असाच रिमोट होता. त्याने तो धाकट्यावर रोखला आणि बटण दाबलं.

धाकट्याचा अंगठा जागच्या जागी थिजला. श्वास छातीतच अडकला.

"अहो, ऐकलंत का?"

ओ द्यायला ओठ हलेनात. पडद्यावर थोरल्याने सावकाश हाताची घडी घातली, आणि तो बघत उभा राहिला.