जळका वास

केळझरजवळच्या, कापसातून सरकी काढायच्या जिनिंगमध्ये सकाळी जळका वास आला म्हणून अंकुशने मशीन थांबवली होती. शोधूनही काहीच सापडलं नाही. सुपरवायझर चंद्रभान सगळ्यांसमोर ओरडला, "आता तुह्या नाकाच्या भरोशावर जिनिंग चालवू का?" कापूस टाकणाऱ्या बाया तोंडाला पदर लावून हसल्या. अंकुश कानापर्यंत लाल झाला.

दुपारी शेजारच्या मशीनवर कापूस टाकताना मोहिनीला तसाच वास आला. तिने अंकुशकडे पाहिलं.

"दादा, वास येऊन राह्यला ना?"

"मले नको इचारू, बाई," तो मान खाली घालून म्हणाला.

बाकीच्या बायाही एकमेकींकडे बघत होत्या, पण हात कोणाचेच थांबत नव्हते. मशीन थांबवायच्या लाल बटणाकडे गेलेला हात मोहिनीने दोनदा मागे घेतला. शेवटी डोळे मिटून बटण दाबलं.

मशीन थांबली आणि कापसाच्या ढिगाखालून धूर वर आला. सगळे बादल्या घेऊन धावले. आग पसरण्याआधीच विझली.

काळे झालेले हात पँटला पुसत चंद्रभान मोहिनीजवळ आला.


"आत्ताचा वास मलेही आलता, पोरी. पण कोणीच काही बोलून नाई राह्यलं. मंग मले वाटलं, मलेच भास होऊन राह्यला."